संचालक मंडळातल्या शिंका

नांदगाव पेठच्या एका सूतगिरणीत मी कंपनी सचिव होतो. कापसाला भाव नसलेली, बाजारात माणसं गप्प गप्प दिसणारी ती वर्षं. गिरणीत निर्णय चटकन व्हायला हवे होते, पण आमचे अध्यक्ष शिंकेला फार मानायचे. ठराव वाचताना कोणी शिंकलं, की ते चष्मा काढून ठेवत.

"आता नोको. पुढच्या बैठकीत पाहू."

बाकीचे संचालक लगेच माना डोलवत. त्यांत एक इंजिनिअर होते, एक डॉक्टर होते. डॉक्टर तर म्हणत, "साहेबांचा अनुभव दांडगा आहे."

बैठकीची खोली होती यंत्रांना लागून. हवेत सतत रुईचे तंतू तरंगायचे. शिंकेवाचून पार पडलेली बैठक मला आठवत नाही. ते तंतू ओढून घेणारं यंत्र बसवायचा ठरावच शिंकांपायी कितीतरी दिवस लटकला होता.

मग अचलपूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका स्वतंत्र संचालक म्हणून आल्या. त्यांच्या पहिल्याच बैठकीत तो ठराव निघाला आणि डॉक्टर शिंकले. चष्मा निघाला.

"काहून थांबले, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"शिंक आली नं, बाई."

"एकच आली. दुसरी आली की अपशकुन कटते, नाई का?"

अध्यक्षांनी विचार केला. "कटते. आमची माय म्हणे तसं."

"मंग थांबू."

आम्ही दुसऱ्या शिंकेची वाट पाहत बसलो. आता मात्र कोणालाच येईना. इंजिनिअरांनी उन्हाकडे नाक केलं. मी कापसाची वात नाकाशी फिरवली. नुसतं डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तेलाच्या व्यापाऱ्यांनी, आमच्या सगळ्यात अबोल संचालकांनी, कानातला अत्तराचा फाया काढून हुंगला आणि ते शिंकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच ते पुन्हा शिंकले.

"तीन झाल्या," अध्यक्ष काळजीत पडले.

"माफ करा साहेब, मले दोनावर थांबताच येत नाई," असं म्हणता म्हणता त्यांना आणखी एक आली. जोड्या जुळल्या, ठराव मंजूर झाला.

यंत्र बसल्यावरच्या बैठकीत नवा ठराव वाचला जात असताना अध्यक्ष आशेनं एकेकाच्या नाकाकडे पाहत होते. कोणी शिंकलं नाही. तेव्हा इंजिनिअर हळूच म्हणाले, "मले हा ठराव पटला नाई." पाठोपाठ डॉक्टर म्हणाले, "मलेही." त्या दिवशी संचालक इतके भांडले, की बाईंची एसटी चुकली. अध्यक्षांनी आपल्या जीपमधून त्यांना घरी पोचवलं, आणि अचलपूरपर्यंत त्यांच्याशी वाद घातला.