पलूसच्या रानातला निरोप

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. सुनेनं साडी घेतली की तिच्या नवऱ्याआधी शेजारणीला कळतं — माझ्याकडून. पण एक गोष्ट पन्नास वर्षं या तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही, आणि तो बिचारा गेला. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल बहुधा.

आधी हिराबद्दल सांगते. हिरा माझी मामेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही धनगर, आटपाडीकडच्या माळावरचे. मोठ्या दुष्काळानंतर मामानं तिला शिकायला तासगावात, मुलींच्या वसतिगृहावर आणून ठेवलं. मी आधीपासून तिथं होतेच. आली तेव्हा तिच्या काखेत काळं घोंगडं होतं आणि त्याला मेंढरांचा वास. तो वास मला इतका ओळखीचा — डोळे मिटले असते तर घरीच पोचले असते. पण मी डोळे मिटले नाहीत. तिला हौदामागं नेलं आणि बजावलं, "हितं मला अक्का म्हणायचं न्हाई."

का? तर मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं, माझे वडील मिलिटरीत आहेत म्हणून. त्या ऊसवाल्यांच्या पोरी, प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी फौजेत. मग मीही माझा बाप फौजेत धाडला! त्यानं जन्मात काठीशिवाय काही हातात धरलं नव्हतं. हिरा म्हणाली, "बरं." आणि पोरीनं ते पाळलं.

पुढं पुढं ती कुणाशीच बोलेनाशी झाली. तिच्या बोलण्याला मुली हसायच्या — मीही हसायचे, बरं का, सगळ्यांत मोठ्यानं. ताप नव्हता, खोकला नव्हता. नुसती भिंतीकडं तोंड करून पडायची. द्राक्षबागांकडून पिवळं, संथ ऊन यायचं, तिच्या न घातलेल्या वेणीवरून सरकत दारातून निघून जायचं. ताटातली भाकरी तशीच. रेक्टरबाई म्हणायच्या, आळस आहे, दुसरं काय! त्यांना खरंच कळत नव्हतं. मला कळत होतं.

आमच्या माणसांत एक रीत आहे. कुणाचं मन बसलं, कुणी असं मुकं झालं, तर त्याला एकटं सोडत नाहीत. घोंगडं अंथरायचं, त्याच्या पाठीला आपली पाठ लावून बसायचं आणि लोकर कातत राहायचं. काही विचारायचं नाही. आपला हात हलतो, श्वास चालतो, ते त्याच्या पाठीला कळतं — कुणीतरी आहे म्हणून. दिवसच्या दिवस बसतात. माझी आजी मेली तेव्हा आईच्या पाठीला मामा असाच बसला होता, कामधंदा सोडून.

एका रविवारी सगळ्या मुली बाजारात गेल्या होत्या. हिरानं घोंगडं पसरलं आणि माझ्याकडं बघितलं. मी बसले. किती वेळ? पावशेर दूध तापेल, इतकाच. तिच्या बरगड्या मला लागत होत्या. हळूहळू तिचा भार माझ्यावर आला, श्वास लांब झाला, ती काहीतरी गुणगुणायला लागली — मामा मेंढरं वळताना गुणगुणायचा तसलं. मलाही गुंगी आल्यासारखं झालं, माळ दिसायला लागला. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. मी उठले. तशी ती मागच्या मागं पडली, आणि पडल्या पडल्या छताकडं बघत राहिली.

हेच सांगायचं होतं का मला? नाही. याच्याहून वाईट आहे. मी उगाच आडवळणानं चाललेय.

दिवाळीनंतर मामाची मेंढरं दरसाल पलूसजवळ ऊस तुटलेल्या रानांत बसायची, खतासाठी. एसटीनं तास-दीड तासाची वाट. हे त्या वसतिगृहात दोघींनाच ठाऊक — हिराला आणि मला. रेक्टरबाईंनी गावच्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं, पण गावात होतं कोण उघडायला? आणि नेमकं मला पलूसला जायचं होतं, मैत्रिणीच्या घरी. सकाळी हिरा दारात उभी. कितीतरी दिवसांनी बोलली. "आबाला म्हणावं, हिराला न्यायला ये. लय जड झालंय."

मी निघाले. पलूसच्या अलीकडं एसटी थांबली — रस्ताभर मेंढरं. धूळ इतकी, की सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. त्या धुळीत मामा उभा. लाल पटका, खांद्यावर कोकरू. खिडकीपासून चार हातांवर! त्याला हाक मारायला फार तर एक श्वास लागला असता. शेजारची मैत्रीण नाक धरून म्हणाली, "शी गं, काय वास!" आणि मीसुद्धा नाक धरलं. मामानं वर बघितलं. मी पदर तोंडावर ओढला. एसटी हलली. अजूनही दुपारी डोळा लागला की ती एसटी तिथंच उभी असते, आणि मेंढरं काही केल्या संपत नाहीत.

संध्याकाळी हिरानं विचारलं, "भेटला? काय म्हणला?"

मी म्हणाले, "सांगितलं. येतो म्हणालेत."

हे ते. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

हिरानं वेणी घातली. भाकरी खाल्ली. घोंगड्याची वळकटी करून खिडकीत बसली — आठ दिवस. नवव्या दिवशी वळकटी सोडली, पांघरली, आणि मग ती पाण्यालाही उठेना. शेवटी शिपायाबरोबर तिला गावी पाठवली. शेजाऱ्यांनी मेंढरांच्या तळावर कळवलं, तशी मामी तळ सोडून परत आली, चार महिने तिच्या पाठीला पाठ लावून बसली. पोर जगली. त्या पोरीला जगवलं ते मामीनं.

पण बापाशी ती पुन्हा बोलली नाही. लग्न झालं, लेकरं झाली. मामा भेटायला जायचा. ती पाणी द्यायची, ताट वाढायची, शब्द नाही. मामाला काहीच उमगेना. एका कातरणीला, मेंढरांची लोकर उतरवताना, त्यानं मला बाजूला घेतलं. हातात कातर तशीच. "तुमी दोघी एका जागी हुता. माझं काय चुकलं गं? सांग की, पोरी."

मी म्हणाले, "मला न्हाई ठावं, मामा."

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. मातीला हिरा आली. रडली नाही. माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाली, "अक्का, आठ दिस खिडकीत बसलेली मी. निरोप मिळूनबी आला न्हाई तो." तेव्हा तरी बोलायचं ना! मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मी समजूत काढतेय.

लाज वाटत होती, लहान होते — ते सगळं खरंच आहे. पण मातीच्या दिवशी मी चाळीस वर्षांची होते.

हिरा आहे अजून. थोरल्या लेकाकडं असते. शाळा तिची तेवढीच झाली, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. चष्मा लावून ती रोज दुपारी काही ना काही वाचत बसते, असं तिची सून सांगते.

हे छापून आलं की पहिली प्रत तिला पाठवणार आहे.