बेंबीवरचं दार

डुलमाबाईंचे गुडघे कायम मळलेले असायचे. दारखान शहराच्या बालवाडीत त्या पोरांबरोबर जमिनीवर रांगत शिकवत. वर, खाली, आत, मागे हे शब्द आधी अंगाला कळले पाहिजेत, तोंडाला नंतर, असं त्यांचं म्हणणं. कुणी मोठं माणूस भेटायला आलं, तरी खोक्याआडून डोकं काढून म्हणत, "थांबा जरा, मी सध्या खोक्याच्या मागे आहे."

त्या दिवशी उरना वर्गाच्या दाराशी उभी होती. तिची लेक सोलोंगो मोठ्या गटात जाणार की लहानांतच राहणार, हे बाई आज ठरवणार होत्या. पोर आजोळी माळरानावर, नमद्याच्या गोल तंबूत, गेरमध्ये वाढलेली. शहरात येऊन एक हिवाळाच काय तो झालेला.

"उजवीकडे उडी!" बाई म्हणाल्या.

सोलोंगोने खिडकीकडे उडी मारली. बाईंनी तिला गर्रकन उलटं फिरवलं. "उजवीकडे!" पुन्हा खिडकीकडेच.

"हिला उजवं-डावं कळतच नाही!" पोरं खिदळली.

"बाई, घरी अगदी बरोबर सांगते हो," उरना न राहवून बोलली.

"तू गप गं. परीक्षा तुझी नाही."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकी पश्चिमेला होती. इथल्या भाषेत उजवं आणि पश्चिम यांना शब्द एकच, आणि गेरचं दार कायम दक्षिणेला. दाराकडे तोंड करून बसलं की उजवा हात पश्चिमेलाच.

"सोलोंगो, आजोबांचं खोगीर गेरमध्ये कुठे असतं?"

"उजवीकडे."

"आणि भांडी?"

"डावीकडे."

"शाब्बास. आता तूच गेर. हे तुझं दार." बाईंनी तिच्या बेंबीवर टिचकी मारली. "तू फिरलीस की दारही फिरणार."

सोलोंगो विचारात पडली. "आजोबांचं गेर नाही फिरत."

"त्याला पाय कुठे आहेत?"

ती फिरली, पोट पुढे काढून थांबली आणि भिंतीकडे उडी मारली. बरोबर! पुढच्या खेपेला परत खिडकीकडे.

"चुकली," उरना पुटपुटली.

"चुकू दे. चुकल्यावर पोटाकडे बघतेय, दिसलं ना? सोमवारपासून मोठ्या गटात पाठव." बाई गुडघे झटकत उठल्या. "आणि जेवणाचं वाडगं मोठं दे. तिथली कार्टी हावरट आहेत, दुसऱ्याचंही खातात."