श्यामकांतांची आपोआप थांबणारी गाडी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले श्यामकांत नवी गाडी आल्यापासून ती चालवत नाहीत, नुसते तिच्यात बसतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. उभा जन्म लोकांना अपघाताची भीती घालण्यात गेला. आता म्हणतात, "समोर काही आलं की ती आपोआप ब्रेक मारते रे. आपण कशाला डोळे फाडून बघायचं?" आणि खरंच बघत नाहीत. हायवेवर मागे वळून माझ्याशी गप्पा मारतात. शेजारी बसलेल्या पद्मजावहिनी पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहतात.

रविवारी आवारात प्रयोग असायचा. कचऱ्याचा रिकामा डबा मधोमध ठेवायचा आणि गाडी त्याच्यावर न्यायची. गाडी अलीकडेच थांबली की श्यामकांत असे हसायचे, जणू ब्रेक यांनीच शोधून काढला.

दसऱ्याला वहिनींनी गाडीची पूजा केली. झेंडूचा जाडजूड हार पुढच्या जाळीवर बांधला, बरोबर लोगोवर. समोरचं ओळखणारं गाडीचं रडार, म्हणजे तिचा सेन्सर, त्या लोगोच्याच मागे असतं. गाडी चालू होताच टुंग टुंग करू लागली, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी सूचना आली. श्यामकांतांनी ती न वाचताच बोटाने घालवली. "नवीन आहे, बोलते जरा."

वहिनी बॉनेटला कुंकू लावून, आरतीचं ताट घेऊन बाजूला होत होत्या. जमलेली मंडळी बघून यांना चेव आला. काच खाली करून म्हणाले, "थांब गं तिथेच. डब्यासमोर थांबते, तुझ्यासमोर नाही थांबणार?"

"अहो, काहीतरीच काय. ब्रेकवर पाय ठेवा आधी."

यांनी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि वर हाताची घडी घातली. माझा असा संताप झाला, की दार उघडून त्यांना बाहेर ओढावं. पण तेवढा वेळ कुठे होता? गाडी सरकली ती सरकतच राहिली. वहिनींनी ताट टाकून बाजूला उडी मारली आणि त्या फरशीवर पडल्या. गाडीने वॉचमनची खुर्ची चिरडली आणि गेटच्या खांबाला धडकून थांबली.

श्यामकांत उतरले ते थेट बॉनेटकडे गेले. वहिनींचं कोपर फुटलं होतं, तिकडे लक्षच नाही. हार ओढून काढत आम्हाला म्हणाले, "ही बघा भानगड. हिने नेमका सेन्सरवर बांधला. गाडीला दिसणार कसं?"

वहिनी साडी सावरत उठल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "गाडीला दिसत नव्हते, कबूल. तुम्हाला दिसत होते ना?"

श्यामकांत गाडीत वाकून स्क्रीन बघू लागले.