नकाशाच्या खोलीतल्या तिघी

घरात तान्हं पोर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. वाळत घातलेल्या दुपट्यांसारखे ते दोरीवर साठत जातात. काढून घड्या घालायला मात्र सवड नसते. आमच्या महाडच्या शाळेत तर एकाच वर्षी तिघी शिक्षिका बाळंत झालो! मी कांबळे, दुसऱ्या मुल्लाबाई आणि तिसऱ्या, वयाने सगळ्यांत लहान, सावंतबाई. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आज ती पोरं चष्मे लावून फिरतात, तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

* * *

रजा संपून शाळेत रुजू झालो तेव्हा पहिला प्रश्न आला पाजायचा. मधल्या सुट्टीत घरून कोणीतरी पोरं घेऊन यायचं, पण बसायचं कुठे? हेडगुरुजी भले माणूस, फक्त ‘पाजणं’ हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसे. त्यांनी नकाशे ठेवायची खोली उघडून दिली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “आपापलं भूगोलाचं काम इथे करत जा.”

दाराला पडदा नव्हता. आम्ही जगाचा नकाशा टांगला.

एकदा तपासणीला साहेब आले. फिरत फिरत नकाशापाशी थांबले. “आत काय चालू आहे?”

“भूगोल, साहेब,” हेडगुरुजी म्हणाले.

तेवढ्यात आत माझ्या पोरीने भोकाड पसरलं. तिला पाहून मुल्लाबाईंच्या पोरानेही सूर लावला. साहेबांनी कान टवकारले. “हा कसला आवाज?”

हेडगुरुजींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“लोकसंख्या, साहेब.”

साहेब पुढच्या वर्गाकडे वळले.

* * *

माझ्या सासूबाई पोलादपूरच्या बाजूच्या. महिन्याला एसटीने यायच्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. “खा गो. पोर तुझ्यातून जेवते,” म्हणायच्या. पोर जेवत होती की नाही ठाऊक नाही, मी मात्र जेवत होते. बाळंतपणाआधीची एकही चोळी दंडात चढेना.

शेवटी मी लाडू गुपचूप शाळेत नेऊ लागले. स्टाफरूममध्ये डबा उघडला की क्षणात रिकामा! हेडगुरुजींनी कोटाचं मधलं बटण लावायचं सोडून दिलं. मी मात्र हळूहळू उतरू लागले. मला फार आनंद झाला.

सासूबाई आल्या. मला मागून पुढून न्याहाळलं, दंड चाचपला.

“एवढे लाडू खाऊन वाळलीस? म्हणजे सगळं दुधात जातंय.”

पुढच्या महिन्यापासून त्या दोन डबे आणू लागल्या.

* * *

“वजन उतरवायचं तर आधी आहे किती ते कळायला हवं,” असं मुल्लाबाईंचं म्हणणं पडलं. दवाखान्यात तेव्हा फक्त पोरांचा काटा होता, झोळीवाला. मग आम्ही तिघी शाळा सुटल्यावर भाताच्या गिरणीत गेलो. तिथे पोती तोलायचा मोठा काटा होता.

गिरणीवाला कामात बुडालेला. केसांवर, भुवयांवर कोंडा. मुल्लाबाई पदर सावरत काट्यावर चढल्या. त्याने वर न बघता दांडीवरचं वजन सरकवलं आणि पोती तोलायच्या रोजच्या सवयीने विचारलं, “बारदान धरून सांगू का वजा करून?”

सावंतबाई हसत दाराबाहेर पळाल्या. मुल्लाबाई मात्र काट्यावर ताठ उभ्या.

“वजा करून,” त्या म्हणाल्या, “आणि मोठ्यानं नको.”

* * *

आमचा शिंपी बाजारपेठेत बसायचा. बाळंतपणानंतर त्याने माझ्या सगळ्या चोळ्या उसवून सैल केल्या होत्या. वर्षभराने मी त्याच चोळ्या घेऊन गेले. आत शिरताना छाती जरा पुढे काढूनच शिरले.

“घट्ट करायच्या,” मी म्हटलं.

त्याने टेप लावला, मान डोलावली. “उतरलात बाई.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! म्हणजे चढायला नको होतं, तरी चढलं. मी म्हटलं, “आतलं जास्तीचं कापड कापूनच टाका. टोचतं.”

त्याने कात्री उचलली, थोडा विचार केला आणि परत खाली ठेवली.

“असू द्या, बाई. दुसऱ्या वेळेला लागंल.”

* * *

मुल्लाबाईंचे यजमान कुवेतला. मुलगा झाल्याचं कळताच त्यांनी गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर परदेशी दूधपावडरीचे डबे धाडले. डब्यावर सोनेरी केसांचं, गालांचे गोळे झालेलं बाळ. इकडे मुल्लाबाईंना दूध भरपूर. त्यामुळे डबे न उघडताच कपाटात काचेमागे लागले. आल्यागेल्याला त्यांच्या सासूबाई ते दाखवायच्या. कोणीतरी डब्यावरच्या बाळाकडे बोट दाखवून “हाच का नातू?” असंही विचारून गेलं.

यजमान आले तेव्हा पोरगा चालायला लागला होता. बापाला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बापाने उचलायला हात पुढे केले, तर हा किंचाळत आजीच्या मागे लपला. तो माणूस बिचारा मोठी बॅग तशीच टाकून खुर्चीवर बसला. मग कपाटाकडे बघून बायकोवर चिडला.

“डबे तसेच? म्हणून हा असा काटकुळा! तो डब्यावरचा पोर बघ, कसा हाय!”

सासूबाईंनी नातवाला कडेवर घेतलं.

“त्याचा बाप घरी असंल,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

* * *

सावंतबाईंच्या सासूबाईंना आम्ही सावंतआजी म्हणायचो. सावंतबाईंचं बिऱ्हाड बाजारात आणि आमची खोली चवदार तळ्याच्या मागच्या अंगाला, आमच्या बौद्ध वस्तीत. सुनेबरोबर कधी आमच्या दारापर्यंत आल्या तर आजी उंबऱ्याबाहेर उभ्या राहून गोड बोलायच्या. माझ्या पोरीला लांबूनच “गुणाची गो माझी” म्हणायच्या. वावगं बोलल्या नाहीत कधी. फक्त चहा विचारला की त्यांचा उपास असायचा. सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा. एका बुधवारी मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, “आज मनातला हाय.”

त्या पावसाळ्यात सावंतबाईंची वरंधच्या शाळेवर तात्पुरती बदली झाली. सकाळी पोराला पाजून एसटीने जायच्या, संध्याकाळी धावतपळत परत. पोर सहा महिन्यांचंही नव्हतं. दिवसभर आजी बोंडल्याने थोडं गाईचं दूध पाजून वेळ काढायच्या. आणि एक दिवस वरंधच्या रस्त्यावर दरड आली. एसटी बंद. सावंतबाई तिकडेच अडकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते. दारात सावंतआजी. निथळती छत्री, पदराखाली पोर. पोराचं तोंड रडल्यासारखं उघडं, पण आवाज नाही.

“कालपासून घशाखाली काय उतरलं नाय,” त्या म्हणाल्या. “बोंडलं दिसलं का तोंड फिरवतो. चमच्यानं घातलं तर ओकून टाकतो. मुल्लाबाईच्या घरी गेलते. ती माहेरी दासगावला, आणि तिकडं पाणी भरलंय म्हनं.”

म्हणजे पाजणारी, ओळखीची बाई अख्ख्या महाडात मी एकटी उरले होते. पुढचं आपल्या तोंडून म्हणायला लागू नये, असं आजींच्या चेहऱ्यावर होतं.

“द्या,” मी म्हटलं.

त्यांनी बाहेरूनच हात लांब करून पोराला माझ्याकडे दिलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले. पोराने आधी मान फिरवली, हुंगलं, पुन्हा फिरवली. मग एकदम तोंड लावलं आणि असा काही ओढू लागला की मला कळच आली. घटाघट आवाज दारापर्यंत जात असणार.

आपला हिस्सा दुसऱ्याला गेलेला पाहून माझ्या पोरीने पाळण्यात आकांत मांडला. मला उठता येईना. जरा वेळाने पाळणा कुरकुरू लागला आणि पोर गप्प झाली. वळून पाहिलं, तर सावंतआजी आत येऊन पाळण्याची दोरी ओढत होत्या.

पोर झोपल्यावर सवयीने विचारलं, “आजी, चहा टाकू?”

“नको गो,” त्या दोरी न सोडता म्हणाल्या. “उपास हाय.”

दुपारी त्या परत आल्या, दिवेलागणीला परत आल्या. रस्ता मोकळा होईपर्यंत येतच राहिल्या.

एसटी सुरू झाली त्या दिवशी सावंतबाई घरी गेल्या, तर दाराला कुलूप. तशाच माझ्याकडे धावत आल्या. पोटरीपर्यंत चिखल, ब्लाउज पुढून भिजलेला. पोराला माझ्या मांडीवर शांत झोपलेलं पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. रडू आवरल्यावर त्यांची नजर सासूकडे गेली. सावंतआजी माझ्या चुलीशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बशीतला चहा फुंकत होत्या.

“आई,” सावंतबाई बिचकत म्हणाल्या, “आज शनिवार ना? तुमचा उपास?”

“सुटला.”

“कधी?”

आजींनी बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला आणि रिकाम्या बशीनेच नातवाकडे खूण केली.

“ह्याचा सुटला, त्याच्या मागनं.”