पाटाच्या ऑफिसातला केंड

पाटाला पाणी सुटलं की गाळ येणारच. कितीही काढा, पुढच्या पाळीला पुन्हा तेवढाच! बारामतीच्या आमच्या पाटाच्या ऑफिसात किश्श्यांचं असंच व्हायचं. मुद्दाम कुणी काही करत नसे. माणसं यायची, जायची आणि जाताना एखादा मागं टाकून जायची. मी तिथं कारकून. पाण्याचे अर्ज घ्यायचे, शिक्के मारायचे आणि शिव्या खायच्या, हा माझा हुद्दा. आता रिटायर होऊन जमाना झाला, तरी कुणी भेटलं की माझी तब्येत विचारत नाही. "भाऊसाहेब, त्या माशाचं सांगा की!" एवढंच.

तर माशाचं.

*

आमचे ओव्हरसीअर परब साहेब वेंगुर्ल्याकडचे. पन्नास साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. वहिनी माहेराहून परत आल्या त्या दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीनं, मांडीवर काचेची बरणी घेऊन. बोट काय, मोठी गाडी काय, छोटी गाडी काय, बरणी म्हणे त्यांनी कुठं खाली ठेवली नाही. बरणीत अंगठ्याएवढा हिरवट मासा. पाठीवर काळे ठिपके, डोळे बेडकासारखे. त्यांच्या खाडीतला. त्याला तिकडं केंड म्हणतात. भ्याला की पाणी पिऊन टम्म फुगतो आणि लिंबाएवढा होतो.

वहिनी माहेरी गेल्या होत्या पहिल्या बाळंतपणाला. मूल राहिलं नव्हतं. बरणी बघून स्टेशनावर कुणी हसलं नाही, ते त्यामुळं.

आमच्या तात्यांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तात्या पणदऱ्याचे, आमचे पाटकरी. पाटाच्या फाट्याचं दार उघडायचं आणि ज्याच्या त्याच्या रानाला पाळीनं पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. त्यांनी बरणीत डोकावून बघितलं आणि प्रामाणिकपणानं विचारलं, "एवढ्याशा माशाचं कालवण कुणाला पुरायचं, वहिनीसाब?"

वहिनी म्हणाल्या, "खाल्यात तर मरशात!"

केंड विषारी असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तात्या दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी बरणीला चक्क नमस्कार केला! तेव्हा वहिनी हसल्या. साहेबांनी मान फिरवली. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या होत्या, असं ते मला पुढं एकदा म्हणाले.

*

दोनएक वर्षांनी वहिनींना पुन्हा दिवस गेले. माहेरी जायची वेळ आली. एव्हाना केंड बरणीतून पत्र्याच्या चौकटीच्या काचपेटीत राहायला गेला होता. वहिनींनी पेटी ऑफिसात आणून माझ्या टेबलाशेजारी ठेवली आणि आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं. पाणी बदलायचं ते निम्मंच. निम्मं जुनं राहू द्यायचं. नवं पाणी आदल्या दिवशी माठात भरून, मीठ घालून मुरू द्यायचं. काचेवर टकटक करून त्याला उगीच फुगवायचं नाही.

आणि निघताना म्हणाल्या, "ह्येका मरूक देव नकात हां!"

एवढंच बोलल्या. पण मासा जगला तर सगळं नीट होईल, असं त्यांनी मनाशी धरलंय, हे आम्हा सगळ्यांना कळलं. साहेबांनाही कळलं. पाटबंधारे खात्यात आजवर कुणावर एवढी जबाबदारी पडली नसेल!

*

पाणी बदलायचं काम तात्यांनी अंगावर घेतलं. "सारी हयात पाणी देण्यात गेली. एका माशाला भिजवाय काय लागतंय?"

तीच चूक झाली. तात्यांनी माशाला पाळीत बसवलं! फाट्याला पाणी सुटेल तेव्हा माशाला पाणी. तोवर पाणी हिरवं झालं, वास मारायला लागलं. मी म्हटलं, "तात्या, बदला की!" तर म्हणाले, "पाळी न्हाय त्येची. मदीच दार उघडलं तर वरचं बागाईतदार बोंब मारतील."

मग पाळी आली. आता पाटकरी कधी अर्धं रान भिजवतो का? तात्यांनी माशाला तांब्यात काढून पेटी पार उपडी केली, जुनं पाणी आवारातल्या पपईला घातलं आणि पाटाचं गढूळ पाणी काठोकाठ भरलं. मिठाबिठाचं नावच नाही. थोड्या वेळानं बघतो तर मासा तळाशी आडवा, पांढरं पोट काळं पडलेलं.

साहेब नुसते उभे होते. तात्यांना रडू आवरेना. "साहेब, पाळी चुकवली न्हाय वो! न्हेमापरमाणं दिली!"

मी साहेबांच्या घरातून मीठ आणायला धावलो, साहेबांनी पाणी धोतराच्या फडक्यातून गाळलं, तात्या गणपतीला नारळ बोलले. नेमकं कशाला यश आलं, देव जाणे. दुपार कलताना मासा सरळ झाला आणि एक डोळा फिरवून त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी कान पकडले.

त्या दिवसापासून निम्मं म्हणजे निम्मं! पुढं एकदा इंदापूरकडचे शेतकरी तक्रार घेऊन आले. ते पाटाच्या पार शेपटाला, त्यांच्यापर्यंत पाणी पोचायची मारामार. "आमाला पानी कवा?" म्हणून त्यांनी तात्यांना घेरलं. तात्या डोळे मोठे करून म्हणाले, "एकदम सगळं सोडलं तर मरशीला!"

*

ऑफिसात आता दोन माठ झाले. एक माणसांचा, एक माशाचा. अशात पुण्याहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. उन्हानं लाल झालेले. "पाणी आणा!" तात्यांनी गडबडीत तांब्या भरून दिला.

मोठ्या साहेबांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. परब साहेब पांढरेफटक. मी टेबलाखाली टाचणी शोधायला लागलो.

मोठ्या साहेबांनी तांब्या खाली ठेवला आणि समाधानानं म्हणाले, "बघा! पाटाच्या पाण्यानं जमिनी खारवट होतायत म्हणून मी कधीपासून ओरडतोय! विहिरीपर्यंत आलं की हो मीठ!"

त्यांनी तिथंच हुकूम केला, बुजलेले चर साफ करा, साठलेल्या पाण्याला वाट द्या. कामं झाली. काटेवाडीकडची दलदलीची रानं पुढं चांगली पिकायला लागली. तिथला एक बागाईतदार आजही मोठ्या साहेबांचं नाव घेऊन हात जोडतो. आम्ही त्याला काही सांगितलेलं नाही.

*

मग मासा खाईना. वहिनींनी सुकटीचा डबा ठेवला होता, त्याला तोंड लावीना. तात्यांनी कणकेच्या गोळ्या दिल्या, मी शेव दिली. नुसता वास घेऊन मागं फिरायचा. साहेब जेवायचे बंद झाले. एक मासा आणि एक साहेब, दोन्ही उपाशी!

काटेवाडीचे आबा अर्ज द्यायला आले होते. बैलाचे दात बघून वय सांगणारा माणूस. ते पेटीपुढं उकिडवे बसले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दात लई वाढल्यात. तोंड मिटना झालंय. पर कानस कोण लावनार?"

कानस लावायची वेळ आली नाही. माशाला तेवढीच सोबत म्हणून तात्यांनी चारीतलं शेवाळ आणून टाकलं होतं. त्यातून बारक्या गोगलगाई आल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर पेटीच्या तळाशी नुसते शंखांचे तुकडे! नवी गोगलगाय टाकली. कट्‍! सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. शंख फोडून फोडून दातही झिजले आणि पोटही भरलं. साहेब त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

पण बातमी कशी पसरेल याचा नेम नाही. पाटाच्या साहेबांना गोगलगाई दिल्या की अर्ज पुढं सरकतो, असं गावोगाव झालं! जो तो फडक्यात बांधून आणायला लागला. एक दिवस तर मोरगावचा एक म्हातारा एसटीनं आला. मोरगावला ना पाट, ना चारी. त्यानं डबा भरून गोगलगाई माझ्या टेबलावर ओतल्या. "आमच्याकडं बी पाट काडा, साहेब."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या कोरड्या गावात एवढ्या गोगलगाई आल्या कुठून?"

"पावन्याच्या उसातनं आनल्या. आमच्याकडं घावल्या असत्या तर पाट कशाला मागितला असता?"

*

वहिनींचे दिवस भरत आले. वेंगुर्ल्याहून काही कळेना. सकाळी आले की आधी पेटी, मग हजेरी. आम्हीही तेच करायला लागलो.

आणि एका सकाळी वहिनींचा भाऊ ऑफिसच्या दारात उभा! विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, खांद्याला पिशवी. बोट लागलेली की रडलेला, काही कळेना. साहेब खुर्चीतून उठले. तात्यांनी माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

पाहुण्यानं साहेबांना नमस्कार केला नाही. म्हणाला, "केंड खंय आसा?"

मी हातानं दाखवलं. तो आमच्या मधून सरळ पेटीकडं गेला. खाली वाकला. केंड कोपऱ्यात गोगलगाय फोडत होता. पाहुणा बघत राहिला. कट्‍ असा आवाज आला आणि तो मटकन खाली बसला.

"जितो आसा," तो म्हणाला. "मगे सांगतंय. चेडू झाला. दोघांय बरी आसत."

"म्हंजी? काय झालं?" तात्या ओरडले.

"मुलगी झाली, तात्या! सुखरूप आहेत दोघी!" मी सांगितलं आणि तात्यांनी तिथंच फतकल मारली.

मासा मेलेला असता तर काय सांगायचं म्हणून बहिणीनं त्याला बजावलं होतं, ते आम्ही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

साहेबांनी मेव्हण्याला मिठी मारली नाही, की पाणी विचारलं नाही. ऑफिसात इतकी वर्षं ते कधी गावची भाषा बोलले नव्हते. ते पेटीपुढं गुडघे टेकून बसले, काचेला नाक लावलं आणि हळूच म्हणाले, "आयकलंस मां? चेडू झाला!"