खडा बोलला का, नजीर?

नजीर शुक्रवारी नमाज झाल्यावर येणार होता. बोअरमधून काढलेली पाण्याची मोटार लिंबाखाली पडली होती, शेजारी त्याची पान्ह्यांची पिशवी होती, आणि मी बोअरपाशी त्याची वाट बघत होतो. आला तो त्याच्या मेव्हण्याचा फोन. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं... मातीला जाताना ती पिशवी मी सोबत नेली आणि तशीच परत आणली. कुणाच्या हातात द्यायची, तेच सुचेना.

तलवाड्यात त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही बरोबरीचे. आमच्या विहिरीत एकच वाळका भोपळा आळीपाळीनं पाठीला बांधून दोघं पोहायला शिकलो. त्या विहिरीवर ज्वारी, तूर, थोडा भाजीपाला निघायचा आणि आम्हाला ते कमी वाटायचं. मग मोसंबी आली. शेजाऱ्यांनी ऊस लावला. विहीर आटली, बोअर आले. एक आटला की दुसरा, पहिल्यापेक्षा खोल. त्या विहिरीत आता लोक काट्याकुट्या टाकतात.

मोटार काढली की नजीर बोअरमध्ये एक खडा टाकायचा. आधी उजवा हात वर करायचा, मग पाइपाला कान लावायचा. हात वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही, हा त्याचा कायदा. खालून डुबुक ऐकू आलं की हात खाली यायचा. "बोलला बे," म्हणायचा, आणि आमचा जीव भांड्यात पडायचा. मग चहावर त्याचं तोंड सुटायचं. माझं दुकान तुमच्या येडेपणावर चालतं, तुम्ही जितके खाली जाल तितका मला धंदा, असं हसून सांगायचा. पण नव्या बोअरचा विषय निघाला की चिडायचा. अर्धी मोसंबी तोडा, ज्वारीकडे वळा, बांधाला पाणी अडवा, विहिरीतला गाळ काढा, असं त्यानं कित्येकांना विनवलं. मिस्त्रीनं मोटारीचं बघावं, म्हणून लोक हसले. मी हसलो नाही, पण बागही तोडली नाही. ती वडिलांनी लावलेली. शेवटच्या आजारपणात ते खाटही बागेतच टाकायला लावायचे.

गेला त्याच आठवड्यात, बुधवारी, तो शेवटचा आला. मी आणि माझी बायको सुनीता बोअरपाशी उभे होतो. त्यानं हात वर केला, खडा सोडला. खालून खट्ट असा कोरडा आवाज आला. मला ऐकू आला, सुनीताला आला. नजीरचा तर कानच पाइपाला होता. पण त्यानं हात खाली घेतला नाही... कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "नीट ऐकू आलं न्हाई. झिरपू दे दोन दिस, शुक्रवारी परत टाकू."

गाडीला किक मारल्यावर मात्र थांबला. "आता अजून खाली जाऊ नको. कशापायी जातो बे? तिथं काय ठिवलंय आपल्यासाठी?"

त्याला जाऊन काही आठवडे झाले. बागेची पानं वळून गेलीत, फळं सुपारीएवढी असतानाच गळतात. शेजारच्या रानात बोअरचं मशीन लागलंय. त्याची पांढरी भुकटी आमच्या झाडांवर बसते. मशीनवाला रोज विचारून जातो. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. कधीकधी नजीरचाच राग येतो. एवढं तोडून बोलायचास, मग त्या दिवशीच सरळ का नाही सांगितलंस, लेका?

परवा सुनीतानं बांधावरचा एक खडा आणून माझ्या हातात दिला. "टाकून तर बघा," म्हणाली. मी टाकला, आणि माझा उजवा हात आपसूक वर गेला. ती गप्प झाली. खालून खट्ट झालं. तिनं माझ्याकडे बघितलं. शेजारी मशीन घरघरत होतं, आणि मी हात वर करून तसाच उभा राहिलो.