पत्त्यातलं मधलं नाव

दुकानाचं शटर वर गेलं की गुणवंत एका रद्दी खोक्यावर मार्कर चालवून बघायचा. लिहायचा रोज तेच: मु. पो. आगवे, ता. लांजा, जि. रत्नागिरी. शाई नीट उतरली की दुबईच्या अल कुसैसमधल्या त्या कार्गोच्या दुकानात काम सुरू.

शहाण्णव साली चोई नावाचे कोरियन वेल्डर खोकं घेऊन आले. गावी आईची साठी होती. तिकडे साठीला मोठा मान, अख्खं गाव जेवायला येतं. चोईंना सुट्टी मिळत नव्हती. मुलाच्या जागी खोकं जाणार होतं. आत रेशमी कापड आणि जाडजूड ब्लँकेट.

"ब्लँकेट तर कोरियाचंच!" पॅकिंग करणारा खैरुद्दीन म्हणाला. "माहेरपणाला चाललंय वाटतं."

पत्ता मोठ्याकडून लहानाकडे उतरत होता. दो म्हणजे प्रांत, गुन म्हणजे जिल्हा, म्योन म्हणजे काही गावांचा गट आणि शेवटी री, म्हणजे गाव. गुणवंतने तो सवयीने आपल्या तिहेरी साच्यात बसवला: गाव, जिल्हा, प्रांत. म्योन उरला, तो गाळला. एवढ्यावर पोस्टमन चुकेल कशाला?

साठी उद्यावर आली तरी खोकं पोचलं नाही. चोईंनी दुकानात येऊन पावती पाहिली.

"गुन एक, सिनचोन दोन," ते हळूच म्हणाले. "म्योन किधर?"

सिनचोन हे चोईंच्या गावाचं नाव, अर्थ नवं गाव; त्याच गुनमध्ये दुसऱ्या म्योनात आणखी एक सिनचोन होतं. आपल्याकडे नवेगावं काय थोडी आहेत? ती माऊली उद्या मुलाशिवाय आणि खोक्याशिवायच पंगतीत बसणार.

दोन दिवसांनी चोई हसत आले. खोकं दुसऱ्या सिनचोनला गेलं होतं. तिथल्या गावप्रमुखाने ते फोडलं नाही. म्योनच्या कचेरीत चौकशी केली आणि साठीच्या सकाळी स्वतः गाडीत घालून नेऊन दिलं. जेवूनच परतला.

"पूछता था, म्योन किसने खाया?"

खैरुद्दीन खो खो हसला. गुणवंतचे डोळे मात्र भरून आले. नावगाव ठाऊक नसलेल्या माणसाने त्याची लाज राखली होती. त्याचे आभार पोचवायचे कसे?

मग ते ऋण त्याने इथेच फेडायला घेतलं. पठाण येवो, मल्याळी येवो, गुणवंत त्याला बसवून घ्यायचा, त्याच्याच तोंडून सावकाश पत्ता ऐकायचा. रांग वाढायची. मालक ओरडायचे, "यल्ला, गुणवंत, आटप लवकर!" तो ढिम्म.

दोन हजार तीनच्या एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली. अनुपमा, त्याची बायको, टॅक्सीला हात करत होती, तेवढ्यात दुकानातून फोन आला. कोणी नवं गिऱ्हाईक आलं होतं. हॉस्पिटलमधून गुणवंत परतला नाही. त्या सकाळच्या फोनवर खैरुद्दीनला तो एवढंच म्हणाला होता,

"बसव त्यांना. चहा सांग. आणि घाई करू नको रे."